आधी वर्ग ठरव, मग अभ्यासक्रम

खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून त्यातला कामाचा भाग तेवढा देते:

"बाई, मी बेळगावात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय इतिहास आणि मराठी. दहावीपर्यंत सगळं शिक्षण आमच्याकडच्या मराठी शाळांतच झालं. मला शिक्षिका व्हायचं आहे, त्यात शंका नाही. पण पुढं कुठं आणि काय शिकायचं हे ठरत नाही. घरचे म्हणतात, बेळगावातच बी.एड. कर. मामा कोल्हापूरला असतात, ते म्हणतात शिवाजी विद्यापीठाकडं ये, आपल्या भाषेत शिकशील. कॉलेजातली मैत्रीण बेंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठात एम.ए. एज्युकेशन करायचं म्हणते, मलाही चल म्हणते. आणि गावात एक जण येऊन गेला, तो म्हणाला की पैसे भरा, वर्गाला बसायची गरज नाही, फक्त परीक्षेला या, बी.एड.ची डिग्री मिळेल. बाबांना तेच सोयीचं वाटतंय, कारण मी घरी राहीन. संध्याकाळी मी घरी दुसरी ते पाचवीच्या मुलांची शिकवणी घेते. त्यांच्यात वेळ कसा जातो कळत नाही. कन्नड वाचता येतं, बोलायला मात्र जीभ अडते. धाकटी बहीण पीयुसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, सायन्सला आहे, तिलाही शिक्षकीच करायची आहे. आम्ही काय करावं?"

प्रिय मुली,

तुझ्या पत्रात कॉलेजांबद्दल भरपूर मजकूर आहे आणि मुलांबद्दल दोनच वाक्यं. पण माझ्या दृष्टीनं त्या दोन वाक्यांनीच तुझा निम्मा प्रश्न सोडवला आहे. दुसरी ते पाचवीच्या मुलांत तुझा वेळ कसा जातो हे तुला कळत नाही. मग तू ज्या बी.एड.साठी एवढी धावपळ करते आहेस, ते करून तुला या मुलांच्या वर्गात सरकारी नोकरी मिळणार नाही, हे तुला कुणी सांगितलं का?

ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, तिथं डी.एल.एड., म्हणजे आपल्याकडे अजून ज्याला डी.एड. किंवा टी.सी.एच. म्हणतात ती पदविकाच लागेल, असं त्यात ठरलं. २०१८ साली एन.सी.टी.ई.नं, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेनं, बी.एड.वाल्यांना प्राथमिकचं दार उघडून दिलं होतं, ते या निकालानं बंद झालं. अनेकांची त्यात ओढाताण झाली हे खरं. तरी निकालामागचा विचार मला पटतो. सहा वर्षांच्या पोराला अक्षराची ओळख करून देणं आणि नववीच्या मुलीला फ्रेंच राज्यक्रांती समजावणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचं शिक्षणही वेगळं असायला हवं. बी.एड.चा सगळा भर विषय शिकवण्यावर असतो. पहिलीतल्या मुलाला अजून विषय नसतो, त्याला आधी वर्गात बसायला शिकायचं असतं.

मग पात्रतेचं गणित असं आहे. पहिली ते पाचवीला डी.एल.एड. सहावी ते आठवीला पदवी आणि त्याच्यासोबत डी.एल.एड. किंवा बी.एड., दोन्हींतलं काहीही चालतं. हायस्कूलला पदवी आणि बी.एड. यांपैकी पहिली ते आठवीच्या पदांना टी.ई.टी., म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागतेच. यातून तुझ्यासाठी काय निघतं ते नीट बघ. तुझ्याकडे बी.ए. असणारच आहे. त्यावर डी.एल.एड. केलंस तर पहिलीपासून आठवीपर्यंतची पात्रता तुझ्या हातात येते, फक्त हायस्कूल सुटतं. बी.एड. केलंस तर हायस्कूल मिळतं आणि सहावीच्या खालची मुलं सुटतात. तुझी संध्याकाळची शिकवणी नेमकी त्या सुटणाऱ्या मुलांची आहे.

मला माहीत आहे, घरात आणि गावात लगेच म्हणतील, डिग्री झाल्यावर आता डिप्लोमा कशाला? दोन वर्षं डी.एल.एड.ला आणि दोनच वर्षं बी.एड.ला, मग मोठं सोडून धाकटं का घ्यायचं? ज्याच्या नावापुढं बी.एड. लागतं तो मोठा शिक्षक आणि पहिलीला शिकवणारा लहान, हा समज आपल्याकडे फार खोल गेलेला आहे आणि त्यानं आपल्या मराठी शाळांचं मोठं नुकसान केलं आहे. वाचायला न शिकता पाचवीत गेलेलं मूल हायस्कूलच्या उत्तम शिक्षकाच्याही हाताला लागत नाही.

तुझ्या तालुक्यातल्या शाळा तू पाहिल्या आहेस. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जंगलातल्या वाडीवरची शाळा घे. एक खोली, एक शिक्षक, पाच इयत्ता. फळ्यावर खडूनं उभी रेघ ओढून दोन भाग केलेले. डाव्या बाजूला तिसरीची हातच्याची वजाबाकी, उजव्या बाजूला पाचवीचा शब्दार्थ. पहिलीची चार पोरं पुढं जमिनीवर चिंचोके मोजत बसलेली, त्यातलं एक अजून तोंडच उघडत नाही, कारण गवळी धनगराच्या घरातली त्याची बोली आणि पुस्तकातली मराठी यांत त्याला ओळखीचं फारसं काही दिसत नाही. चौथीची मोठी मुलगी दुसरीच्या दोघांना वाचून दाखवते आहे. हे सगळं एकाच वेळी चाललेलं आणि तेवढ्यात बी.ई.ओ., म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, ऑफिसातून माहिती मागवणारा फोन. या खोलीत चांगलं शिकवता येतं, पण त्याचं तंत्र आहे. बहुवर्ग अध्यापन म्हणतात त्याला. मुलांचे गट कसे पाडायचे, एका गटाला आपापलं काम देऊन दुसऱ्याकडं कधी वळायचं, कोण अडलंय हे न विचारता कसं ओळखायचं. कर्नाटकात नली-कली, म्हणजे आनंदानं शिकायची पद्धत, नव्वदच्या दशकात मैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात अशाच शाळांतून उभी राहिली आणि पुढं राज्यभर गेली. हे शिकण्याची जागा डी.एल.एड. आहे, बी.एड. नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा: प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी पंधरा दिवस काढ. गावच्या शाळेतल्या गुरुजींना विचारून आठवडाभर पहिली-दुसरीला बस, शिकव. मग जवळच्या हायस्कूलमध्ये जाऊन आठवी-नववीला इतिहासाचे तास घे. मुख्याध्यापक सहसा नाही म्हणत नाहीत, तास घेणारं कुणी मिळालं तर त्यांना हवंच असतं. शिकवणीतली चार शहाणी मुलं आणि वर्गातली तीस मुलं यात फरक असतो आणि तो तुला स्वतःला कळायला हवा. त्यानंतरही मन लहान मुलांकडंच ओढ घेत असेल तर खुशाल डी.एल.एड. कर. बेळगाव जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. तू बेळगावच्या डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, स्वतः जा आणि मराठी माध्यमाचा डी.एल.एड.चा वर्ग यंदा कुठं आहे, जागा किती आहेत, हे कार्यालयात विचार. फोनवर अर्धवट उत्तरं मिळतात.

हायस्कूलला इतिहास शिकवायचा असं ठरलं तर मग बी.एड.चा विचार, आणि मग बेळगाव की कोल्हापूर हा प्रश्न येतो.

मामांचं म्हणणं मी समजू शकते. आपल्या भाषेत शिकायला मिळणं ही लहान गोष्ट नाही. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासूनचं, त्याचा मराठीचा विभाग चांगला, आणि सीमाभागातली कितीतरी मुलं तिथं शिकून आली आहेत. दोन्हीकडची बी.एड. एन.सी.टी.ई.ची मान्यता असेल तर देशभर चालते, त्यामुळं पदवी वाया जाण्याची भीती नाही. फरक पडतो तो वेगळ्या ठिकाणी. कर्नाटकातल्या मराठी शाळांत जी पुस्तकं चालतात ती कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तक सोसायटीची, भाषा मराठी पण अभ्यासक्रम कर्नाटकाचा. कोल्हापुरात तुझे सराव पाठ बालभारतीच्या पुस्तकांवर होतील. आठवी तिथं वेगळ्या रचनेत, आपल्याकडं हायस्कूलची पहिली पायरी. इतिहासाच्या शिक्षिकेला तर हा फरक धड्याधड्याला जाणवतो. ज्या वर्गात उभं राहायचं त्या वर्गाची पुस्तकं दोन वर्षं हाताळलेली असणं, तिथल्या मुख्याध्यापकांशी, सी.आर.पी.शी, म्हणजे आसपासच्या शाळांना मदत करणाऱ्या समूह साधन व्यक्तीशी, ओळख झालेली असणं, याचा पुढं फार उपयोग होतो. आणि साधी पैशाची बाब: जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळं खानापूर-बेळगाव हा रोजचा प्रवास तुला साध्या सरकारी बसनं फुकट आहे. कोल्हापूरला खोली, मेस आणि जाण्यायेण्याचा खर्च घरावर पडेल.

प्रवेशाची रीतही वेगळी. कर्नाटकात बी.एड.ला शिक्षण खात्यामार्फत केंद्रीय पद्धतीनं, पदवीच्या गुणांवर यादी लागते. खुल्या वर्गाला पदवीत ५० टक्के लागतात. महाराष्ट्रात सी.ई.टी. ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्राच्या सी.ई.टी.च्या प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद असते. ती तुझ्या अभ्यासक्रमाला आणि तुझ्या गावाला लागू होते का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघ. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आपलं गाव आहे याचा पुरावा, रहिवासाचा दाखला आणि मातृभाषेचा उल्लेख असलेला शाळेचा दाखला आधीच जमवून ठेव. याच यादीतल्या गावांतल्या लोकांना महाराष्ट्रातल्या सरकारी नोकरीसाठीही अर्ज करता येतो. पण तिथली शिक्षक भरती टी.ई.टी.च्या पुढं टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि पवित्र पोर्टलवरून होते. दोन्ही राज्यांच्या परीक्षा द्यायच्या तर दोन्हींचा अभ्यास वेगळा ठेवायला लागतो. तुला घराजवळ राहून इथल्या मुलांना शिकवायचं असेल तर मी बेळगाव म्हणेन. चंदगड, गडहिंग्लजकडं नोकरी करायची मनाची तयारी असेल तर कोल्हापूर बरं.

कॉलेज निवडताना मात्र इमारत आणि फी एवढंच बघून येऊ नकोस. बुधवारी किंवा गुरुवारी, अकराच्या सुमाराला जा. बी.एड.ला दोन विषयांची अध्यापन पद्धती घ्यावी लागते. तुला मराठी आणि इतिहास किंवा सामाजिक शास्त्रं अशी जोडी मिळते का ते विचार, आणि मराठीच्या पद्धतीला स्वतंत्र प्राध्यापक आहेत का की नुसतं कागदावर नाव आहे तेही विचार. मराठी पद्धती न घेता आलेला विद्यार्थी पुढं मराठी शाळेत आला की कविता शिकवताना अर्थ सांगून मोकळा होतो. मग दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना गाठ आणि त्यांच्या पाठ टाचणाच्या वह्या बघायला माग. नियमाप्रमाणं दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. टाचणाच्या वहीत लाल शाईनं लिहिलेल्या सूचना असतील, 'प्रश्न मागच्या बाकावर गेला नाही', 'फळा पुसताना मुलांकडं पाठ' असं काही लिहिलेलं असेल, तर तिथं कुणीतरी मागं बसून पाठ पाहिला आहे असं समज. सगळ्या पानांवर नुसती सही आणि 'छान' असेल तर ते कॉलेज सोड. सराव पाठ कुठल्या शाळांत होतात हेही विचार. सगळे शहरातल्या इंग्रजी शाळांत होत असतील तर तुझ्या कामाचे कमी.

आता त्या गृहस्थाबद्दल, जो वर्गाला न बसता डिग्री देतो म्हणाला. बाबांना माझा निरोप दे: एक रुपयाही देऊ नका. एन.सी.टी.ई.च्या २०१४च्या नियमावलीप्रमाणं बी.एड.ला वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेला ९० टक्के हजेरी लागते. जिथं हजेरी विकत मिळते तिथं कागद खोटा तयार होतो आणि त्या खोट्या कागदावर सही तुझी असते. नेमणुकीच्या वेळी प्रमाणपत्रांची पडताळणी होते. त्यात सापडलं तर नोकरी जाते आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो, आणि तेव्हा हा माणूस गावात फिरकणार नाही. घरी राहून बी.एड. करायचा खरा मार्ग म्हणजे इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठाचा, पण तो आधीच प्रशिक्षित असलेल्या शिक्षकांसाठी आहे, नुकत्याच पदवी झालेल्या मुलीसाठी नाही. आणि समज हे काही पकडलं गेलं नाही, तरी ज्या मुलीनं एकही सराव पाठ घेतला नाही तिनं आठवीच्या तीस मुलांसमोर उभं राहायचं कसं? मुलांचं वर्ष तिच्या शिकण्यात जाईल. बाबांची काळजी खरी आहे, मुलगी घराजवळ असावी एवढंच त्यांना हवं आहे. ते बेळगावच्या कॉलेजनं साधतं. त्यांना एकदा सोबत घेऊनच कॉलेज बघायला जा.

मैत्रिणीच्या बेतावर थोडक्यात. अझीम प्रेमजी विद्यापीठाचा एम.ए. एज्युकेशन हा चांगला अभ्यासक्रम आहे. शिक्षणाचं समाजशास्त्र, अभ्यासक्रम कसा घडतो, शाळा का बिघडतात, हे सगळं तिथं खोलात शिकायला मिळतं, आणि घरच्या उत्पन्नानुसार फीमध्ये सवलतही मिळते. पण एम.ए. एज्युकेशन म्हणजे शिक्षकाची पात्रता नव्हे. त्यावर टी.ई.टी.ला बसून शाळेत लागता येत नाही. संस्थांतलं काम, शिक्षक प्रशिक्षण, अभ्यासक्रम लिहिणं अशा वाटेनं जायचं असेल तर ते योग्य. तू पाच-सहा वर्षं वर्गात काढून मग तिथं गेलीस तर त्या शिक्षणाचं सोनं करशील. आत्ता नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

कन्नडबद्दल मात्र जरा थांबून बोलते, कारण हा विषय आपल्याकडं दुखरा आहे. सीमाप्रश्नात तुझ्या घरच्यांची जी काही भूमिका असेल ती असू दे. २०१५च्या कायद्यानं कर्नाटकातल्या सगळ्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली आहे. तुझ्या वर्गातल्या मुलांना कन्नडचा पेपर द्यायचा आहे. शाळेला येणारं प्रत्येक परिपत्रक कन्नडमध्ये, एस.ए.टी.एस. या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी प्रणालीवरची माहिती, बी.ई.ओ. ऑफिसातली बैठक, सगळं कन्नडमध्ये. मराठी शाळेची खोली गळत असेल, शिक्षकाची जागा रिकामी असेल, तर ते मांडायला कन्नड येणारी मराठी शिक्षिका लागते. तिचं म्हणणं ऑफिसात ऐकून घेतलं जातं. जिला बोलता येत नाही ती गप्प बसून येते आणि शाळेचं काम तसंच राहतं. घटनेच्या कलम ३५० अ मध्ये भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय करायला राज्याला सांगितलेलं आहे. हे कलम बैठकीत कन्नडमधून सांगता आलं पाहिजे. वाचता येतं म्हणजे तुझं निम्मं काम झालेलंच आहे. रोज बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईशी बोल, चुकलं तर चुकू दे. गावच्या शाळेतली जुनी परिपत्रकं मागून घे आणि एकेक मराठीत लिहून काढ. दोन वर्षांत जीभ सुटेल.

कर्नाटकाच्या टी.ई.टी.ला पहिली भाषा मराठी ठेवता येते. दीडशे गुणांचा पेपर, खुल्या वर्गाला ६० टक्के लागतात, आणि एकदा उत्तीर्ण झालीस की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षापासूनच तयारी धर. पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकल्याचा दाखला मुख्याध्यापकांकडून घेऊन त्यावर बी.ई.ओं.ची प्रतिस्वाक्षरी करून ठेव, आरक्षणासाठी तो लागतो आणि ऐनवेळी मिळत नाही.

एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. सरकारी भरती दरवर्षी निघत नाही, आणि निघाली तरी मराठी माध्यमाच्या जागा त्यात थोड्या असतात. मधल्या काळात अतिथी शिक्षिका म्हणून काम करावं लागेल, मानधन तुटपुंजं असतं आणि तेही कधी उशिरा येतं. खाजगी शाळांतही सुरुवातीचा पगार कमीच. घरी हे आजच सांग, म्हणजे दोन वर्षांनी 'एवढं शिकून काय मिळालं' असं कुणी म्हणणार नाही. अतिथी म्हणून केलेलं काम मी फुकट गेलेलं मानत नाही, शाळा चालवायची कशी हे तिथंच कळतं. पण शिकवणी चालू ठेव, तेवढाच हाताला आधार.

बहिणीसाठी वाट वेगळी आहे आणि तुझ्यापेक्षा सोपी. बारावीनंतर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आहे, त्यात पदवी आणि बी.एड. एकत्र होतं, म्हणजे एक वर्ष वाचतं. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा भर याच अभ्यासक्रमावर आहे. त्याची प्रवेश परीक्षा एन.सी.ई.टी., ती एन.टी.ए. ही राष्ट्रीय चाचणी संस्था घेते आणि मराठी किंवा कन्नडमधूनही देता येते. सायन्सच्या मुलीनं मैसूरच्या रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचा विचार करावा. एन.सी.ई.आर.टी.ची ही संस्था १९६३ पासून चालू आहे, आवारातच तिची स्वतःची प्रात्यक्षिक शाळा आहे आणि वसतिगृहही आहे. कर्नाटक तिच्या कार्यक्षेत्रात येतं. महाराष्ट्रासाठीची अशी संस्था भोपाळला आहे, म्हणून मामांकडून ती माहिती मिळणार नाही. मराठी शाळांत गणित-विज्ञान शिकवणारं माणूस मिळणं फार अवघड झालं आहे, तेव्हा तिला नक्की जाऊ द्या. अर्जाची तारीख एन.टी.ए.च्या संकेतस्थळावर येते, पीयुसीच्या परीक्षेच्या गडबडीत ती निसटते. ती बघत राहण्याचं काम तू अंगावर घे.